आधी चांदी, मग काळे

मराठी माणसाला बेदर हे गाव दामाजीपंतांमुळे ठाऊक असते. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली आणि त्या धान्याचे पैसे भरायला खुद्द विठोबा महाराच्या वेशात बेदरच्या दरबारात जाऊन उभा राहिला, अशी ती कथा. लहानपणी ती ऐकताना बेदर म्हणजे कुठेतरी फार लांबचे, धाकाचे गाव वाटायचे. प्रत्यक्षात ते उदगीरच्या शेजारचे. त्याच्या भालकी-औराद भागात आजही मराठी बोलली जाते आणि १९५६ पर्यंत उदगीर, लातूर, नांदेड, बेदर ही सगळी गावे एकाच हैदराबाद राज्यात होती. त्यामुळे मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या काचकपाटात बेदरची खूण सापडते: काळी कुळकुळीत फुलदाणी, नाहीतर पानदान, अंगावर चांदीची वेल. कुणाच्या तरी लग्नातला आहेर. हीच बिदरी.

पाहुणा आला की विचारतो, ‘यात चांदी किती?’ काळ्याबद्दल कुणी विचारत नाही. ते काळे म्हणजे रंग असणार, नाहीतर रोगण, असे आपण धरून चालतो. पण बिदरीला रंग कुणी लावत नाही. ते काळेपण धातूच्या अंगातून बाहेर काढलेले असते, तेही सगळे काम आटोपल्यावर, अगदी शेवटी. बिदरीची खरी कुळकथा या काळ्याची आहे.

सांगितली जाणारी कथा अशी की, अब्दुल्ला बिन कैसर नावाचा कारागीर इराणातून आला, बहामनी सुलतानाने त्याला आश्रय दिला आणि त्याने इथल्या लोकांना ही कला शिकवली. काळाच्या दृष्टीने हे जुळण्यासारखे आहे. अहमदशहा बहामनीने १४२०च्या दशकात राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला आणली. त्यानंतर इराणी विद्वान, कारागीर, सरदार यांचा ओघ इकडे लागला. महमूद गवानचा मदरसा त्याच शतकातला, १४७२चा. पण हाती लागणाऱ्या जुन्या बिदरी वस्तू सतराव्या शतकापासूनच्या आहेत आणि बेदरच्या या कामाची लेखी नोंद सापडते ती १७५९च्या ‘चहार गुलशन’ या फारसी ग्रंथात. म्हणजे कथा आणि वस्तू यांच्यात दोनशे वर्षांची फट आहे.

ती फट भरायला दगड थोडी मदत करतो. बेदरच्या किल्ल्यात रंगीन महाल आहे. सोळाव्या शतकात बेदरचा सुलतान अली बरीद याने तो सजवला. तिथे काळ्याभोर दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून वेलबुट्टी काढली आहे. काळ्या अंगावर लखलखणारे पांढरे, तेही वरून न चिकटवता खोदून आत बसवलेले. बिदरी पाहिलेला माणूस त्या भिंतीसमोर उभा राहिला की क्षणभर थबकतो. दगडकामातून धातुकाम निघाले असे मी म्हणणार नाही. पण या गावाच्या डोळ्याला ही जोडी रुचली होती, एवढे त्या भिंतीवरून दिसते.

हौसेला गिऱ्हाईकही लागते. ते तंबाखूने मिळवून दिले. पोर्तुगीजांबरोबर आलेली तंबाखू दख्खनमध्ये आधी रुजली. असद बेग हा अकबराचा वकील विजापूरला गेला होता. तिथे त्याने ती पाहिली आणि परतताना बादशहासाठी सोबत नेली. हे १६०४च्या सुमारास घडले. मग हुक्का आला आणि हुक्क्याला पाणी धरणारे जड बूड हवे झाले. आज संग्रहालयांतल्या जुन्या बिदरीत हुक्क्याची बुडे इतकी का दिसतात, याचे उत्तर यात आहे. सुरुवातीची बुडे नारळासारखी गोल, चुंबळीवर ठेवावी लागणारी. पुढे घंटेसारखी, आपल्या पायावर बसणारी. बैठकीच्या मधोमध ठेवायची, सगळ्यांच्या नजरेसमोर राहणारी वस्तू ती. तिच्यावर पोस्ताची फुले फुलली नसती तरच नवल. बुडाच्या मागून सुरया, पानदाने, पिकदाण्या, हात धुवायचे आफताबे आले.

माणसे आणि गिऱ्हाइके झाली. आता धातू. बिदरीचे भांडे जवळजवळ सगळे जस्ताचे असते. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे. आज जस्त म्हटले की पत्र्याची बादली आठवते, पण हा धातू माणसाच्या हाती फार उशिरा लागला. कारण त्याचा स्वभाव. खनिजातून जस्त सुटे व्हायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते आणि ते उकळते ९०७ अंशांना. म्हणजे भट्टीत ते जन्मते तेच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की जळून पांढरी राख. तांबे, लोखंड गाळणाऱ्या भट्ट्यांनी या धातूपुढे हात टेकले होते.

तोड निघाली ती राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावर इथे. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिज भरायचे, मूस उलटी टांगायची, वरून जाळ द्यायचा आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवायची. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या रसग्रंथात अशा वृन्ताक मुशीचे वर्णन आहे आणि जावरच्या उत्खननात तशा मुशींचे ढीगच्या ढीग सापडले. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त काढायच्या पद्धतीचे पेटंट घेतले १७३८मध्ये. त्याच्या कित्येक शतके आधी जावरच्या भट्ट्या पेटल्या होत्या. या धातूचेच आख्खे भांडे ओतायचे बेदरच्या कारागिरांना सुचले, त्याआधी जस्त सहज मिळणे भाग होते. त्यामुळे बिदरीचे मूळ शोधायला इराणाइतकेच जावरकडेही पाहावे लागते.

जस्ताचा हट्ट कामातही सुटत नाही. तांब्याच्या घागरीसारखे ते ठोकून वाढवता येत नाही, तडकते. म्हणून बिदरीत ओतकाम. साच्यातून निघालेले भांडे खरबरीत, राखाडी असते. ते कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि अंगाला मोरचुदाचे पाणी चोळतात. भांडे तात्पुरते काळे होते. हे काळे खोटे, पाटीसारखे. टोकदार सळईने रेघ ओढली की पांढरी दिसावी एवढ्यापुरते. मग नक्षीवाला हातानेच वेल काढतो. छिन्नी घेऊन तीच रेघ कोरतो. चर असा कोरायचा की कडा किंचित उभ्या राहाव्यात. त्यात चांदीची तार किंवा कापलेले पान बसवून वर हलके ठोके द्यायचे. उभ्या कडा मिटतात आणि चांदीला धरून ठेवतात. डाग नाही, सरस नाही.

या कामाच्या जाती आहेत आणि नावे अजून फारसी वळणाची. तार बसवली ती तारकशी. पत्रा खोल बसवून सपाट केला ते तहनिशान. अंगापेक्षा उचललेले, हाताला लागणारे काम ते जरबुलंद. आफताबीत उलटे असते: पसरलेल्या चांदीच्या पत्र्यात नक्षी कापलेली, म्हणजे जमीन चांदीची आणि फूल काळे. नाव सूर्याचे, पण फूल सावलीचे.

चांदी बसली की भांडे पुन्हा घासतात. मोरचुदाचे खोटे काळे निघून जाते आणि मोठी गंमत होते. खाली जस्त पांढुरके, वर चांदी पांढरी. आठ-पंधरा दिवस खपून कोरलेली वेल जवळजवळ दिसेनाशी होते. भांडे हातात धरून उजेडाकडे कलते केले तरच कुठेतरी रेघ लकाकते. या टप्प्यावर एखाद्याला ते भांडे दाखवले, तर त्यावर काम झाले आहे हे त्याला पटायचे नाही.

आता माती. बेदरच्या किल्ल्यातल्या जुन्या पडक्या भागांत, जिथे ऊन-पाऊस पोचत नाही तिथली माती कारागीर आणतात. जिभेवर ठेवून पारखतात. तीत नवसागर आणि पाणी मिसळून लगदा करतात, भांडे थोडे तापवतात आणि अंगाला तो लगदा चोळतात. जस्ताचे सगळे अंग काळे होते. चांदी तशीच राहते. धुतले, तेलाचा हात फिरवला की अंधारातून वेल वर येते.

किल्ल्याच्या मातीत जादू आहे, असे बेदरला कुणीही सांगेल. आपल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागतो ना, त्याचीच ही जादू. जुन्या वस्तीच्या मातीत सोरा तयार होत राहतो. पाऊस लागला तर विरघळून वाहून जातो, आडोसा असेल तर साठतो. म्हणून ऊन-पाऊस न पाहिलेली माती, म्हणून जिभेची पारख. लखनौ, मुर्शिदाबाद आणि बिहारातले पूर्णिया इथेही पूर्वी बिदरी होत असे. तिथे बेदरची माती कुठली? ते कारागीर नवसागर, सोरा असे क्षार मिसळून भागवत. प्रयोगशाळेतल्या तपासणीत आणखी एक गोष्ट कळली. हे दाट काळे तांब्याशिवाय येत नाही. नुसत्या जस्ताला माती चोळली तर असा रंग धरत नाही. सोळा भागांत तो एक भाग तांबे कशाला, याचे उत्तर शेवटच्या दहा मिनिटांत मिळते.

या वस्तू बाहेरच्या जगाने पाहिल्या त्या १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात. तिथे बिदरी मांडली होती आणि तिची वाहवा झाली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे काम पाहिलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी पुढे १८८०मध्ये हिंदुस्थानच्या कलाकारागिरीवर पुस्तक लिहिले, त्यात बिदरी आहे. त्या पुस्तकातली चित्रे लाकडी ठशांची. ठसा बिदरीला मानवतो, कारण त्यालाही काळे आणि पांढरे एवढेच येते. पण चांदीची लकाकी आणि काळ्याचा मऊपणा ठशातून निसटतो. दिल्ली दरबाराच्या १९०३च्या कला प्रदर्शनावर जॉर्ज वॅट यांनी जो ग्रंथ केला, त्यात मात्र छायाचित्रे आली.

बिदरीचा फोटो काढणे किती अवघड, हे काचकपाटातली फुलदाणी काढून मोबाइलने टिपून पाहिल्यास लगेच कळते. कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्याच्या मापाने मोजतो. चौकट काळ्याने भरली की त्याला वाटते अंधार आहे. तो उजेड वाढवतो. काळे राखाडी होते आणि चांदी पांढरा डाग होऊन फुटते. म्हणून एक-दीड स्टॉप उजेड मुद्दाम कमी द्यावा लागतो. फ्लॅश तर नकोच. पोलरायझर फिल्टर काचेची, पाण्याची चमक मारतो. उघड्या चांदीला त्याची पर्वा नसते. शिवाय भांडे गोल. खिडकी, पंखा, फोटो काढणाऱ्याचा सदरा, सगळे त्याच्या पोटावर उमटते.

यावर जुना उपाय असा की भांड्याभोवती पांढऱ्या कापडाचा नाहीतर बटरपेपरचा तंबू करायचा आणि दिवे बाहेर ठेवायचे. चांदी स्वतः पांढरी दिसत नाही, ती समोर जे असेल ते दाखवते. पांढरा कागद दाखवला तर पांढरी, काळा दाखवला तर काळी, आणि मग वेल काळ्यात बुडून जाते. जरबुलंद असेल तर एका बाजूने तिरपा उजेड घ्यावा, म्हणजे उचललेल्या पानाखाली सावली पडते. फोटोआधी भांडे उजळावे म्हणून चिंच-मीठ किंवा घासायची पावडर मात्र चुकूनही लावू नये. आंबटाने जस्त खाल्ले जाते आणि काळे जाते. मऊ फडके आणि खोबरेल तेलाचे बोट पुरते.

हे सगळे करताना एक साम्य लक्षात येते. फिल्मच्या काळातला फोटोही चांदीचाच असे. चांदीच्या क्षारावर उजेड पडला की चित्र तयार होई, पण डोळ्यांना दिसत नसे. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद बुडवला की ते हळूहळू वर येई. बिदरीत न दिसणारे चित्र छिन्नी करते आणि मातीचा लगदा ते धुऊन वर आणतो. फरक एवढाच की फोटोत चांदी काळी पडते आणि भोवतालचा कागद पांढरा राहतो; बिदरीत चांदी पांढरी राहते आणि भोवताल काळा पडतो. एक दुसऱ्याची निगेटिव्ह म्हणावी अशी ही दोन कामे, आणि बिदरीचे काम फोटोच्या कामाहून दोन शतकांनी तरी थोरले.

आणखीही एक फरक आहे. डार्करूममधला कागद एकदाच उमटतो. पिवळा पडला की पडला. बिदरीचे काळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताळणीने उतरते, जस्त राखाडी दिसू लागते, चांदी काळवंडते आणि वेल पुन्हा न दिसणाऱ्या टप्प्यावर येऊन थांबते. घरचे म्हणतात, आता हे मोडीत घाला. पण बेदरच्या बाजारात ते घेऊन गेले तर नक्षीवाला चांदी मोजत बसत नाही. भांडे उजेडाकडे कलते करून चरांत चांदी शाबूत आहे ना, तेवढे पाहतो. मग ते शेगडीवर धरतो आणि हात मातीच्या डब्याकडे नेतो.