जुनी तबकडी, नवा हेडफोन

अब्दुल करीम खाँसाहेबांचे 1905चे ध्वनिमुद्रण आणि 1934-36मधले एखादे, लागोपाठ ऐकून पाहा. पहिले कर्ण्यासमोर गाऊन झालेले. कर्णा साधारण 250 ते 2500 हर्ट्‌झ एवढाच पट्टा टिपे. 1925च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि वरची मर्यादा 5000च्या आसपास सरकली. (गंमत अशी, की खालची मूळ वारंवारिता गाळली गेली तरी तिच्या पटींवरून आपला मेंदू तो स्वर भरून काढतो!) परभणी आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील नाट्यसंगीत आमच्या रेडिओतून येई, तेही एवढ्याच पट्ट्यात.

आजचे बरेच हेडफोन खर्ज आणि तारेकडचा भाग, दोन्ही उचलून धरतात. हल्लीच्या चित्रपटगीतांना ते मानवते. जुन्या तबकडीत मात्र 6000च्या वर गाणे जवळजवळ नसतेच. तेथे उचलली जाते ती सुईची खरखर. म्हणून वरचा भाग थोडा उतरवावा. थोडाच, कारण खरखर पार पुसण्याच्या हौसेत आवाजाची धारही जाते, आणि ते मला अधिक खटकते.

किती उतरवावा यावर वर्गात एकमत होणार नाही. वयाबरोबर उच्च वारंवारिता ऐकू येणे कमी होते. पन्नाशीच्या गुरुजींना न जाणवणारी सुरसुर मागच्या बाकावरच्या मुलीला टोचत असते.