मुंबई-पुणे सोडून बडोद्याला: नोकरी, नळ आणि मैदान

मुंबई-पुण्याची मराठी माणसं उत्तरेला बडोद्यात येऊन का राहिली, हा प्रश्न आपल्या मंडळाच्या बैठकीत दर दोन-तीन महिन्यांनी निघतोच. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: गायकवाडांचं राज्य होतं, नोकऱ्या मिळत होत्या. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धंच आहे. नोकरीमुळे माणूस येतो. तो बायकामुलांना आणून घर का करतो, हे नोकरीवरून कळत नाही. माझा पेशा इंजिनिअरचा, त्यामुळे मी हा प्रश्न पाणी आणि मोकळी जागा या बाजूंनी पाहतो.

आधी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवू. बडोद्यात मराठे आले ते अठराव्या शतकात. दमाजीराव गायकवाडांनी 1734 मध्ये शहर घेतलं. ते येणं फौजेबरोबरचं होतं. मी बोलतोय ते दुसऱ्या येण्याबद्दल. नाशिककडच्या कवळाण्याचा मुलगा 1875 मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला आणि 1881 च्या अखेरीस त्याच्या हाती पूर्ण कारभार आला. त्यानंतर शिकलेली माणसं रेल्वेने येऊ लागली. मुंबईचा लोहमार्ग 1864 पासून जोडलेला होता, त्यामुळे साधारण 390 किलोमीटरचं अंतर बैलगाडीच्या मुक्कामांचं राहिलं नव्हतं.

ही माणसं कुठून कुठे आली, याचा आकार पाहा. 1891 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती 8,21,764 होती आणि बडोदा शहराची 1,16,420. म्हणजे मुंबईच्या सातव्या हिश्श्याचं गाव. चाळीतून उठून आलेल्याला इथे काय मिळालं?

पहिलं मिळालं पाणी. पाणीगेट हा जुन्या कोटाचा पूर्वेचा दरवाजा. मांडवीतून सरळ पूर्वेला निघालात की हा दरवाजा लागतो आणि पुढे तीच वाट आजव्याकडे जाते. आजव्याच्या तलावाचं काम 1885 मध्ये सुरू झालं आणि 1892 मध्ये शहराला नळाचं पाणी मिळालं. त्याआधी सगळी भिस्त विहिरी, वावी आणि तळ्यांवर होती. तलाव शहरापेक्षा उंचावर, म्हणून पाणी उतारानेच येतं. मातीचा बांध, लांबवरून आणलेली नळवाहिनी आणि वाटेत निमेट्याला शुद्धीकरण, अशी ही रचना. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी शहराच्या पूर्व भागाला आजही आजव्याचं पाणी मिळतं. त्या वेळच्या वस्तीपुरतंच मोजून बांधलं असतं, तर हे शक्य नव्हतं. बांधणाऱ्यांनी पुढे येणारी माणसं हिशेबात धरली होती.

दुसरी मिळाली मोकळी जागा. विश्वामित्रीच्या काठी शंभर एकरांहून मोठी सयाजीबाग, आपली कमाटी बाग, 1879 मध्येच लोकांना खुली झाली होती. गावात जुम्मादादांचा आखाडा होता. त्यांच्यानंतर तो प्रोफेसर माणिकरावांनी चालवला आणि मोठा केला. कुस्ती, मल्लखांब, लाठी हे तिथे शास्त्रासारखं शिकवलं जाई. हिंद विजय जिमखान्याने 1923 मध्ये हुतूतूचे अखिल भारतीय सामने भरवले. मराठी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड 1936 पासून निघाले तेही बडोद्यातूनच. अशा कामाला एखादा हौशी संस्थानिक पुरत नाही, रोज सकाळी मैदानावर येणारं गाव लागतं. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे माणिकरावांकडे व्यायाम शिकले, आणि पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. म्हणजे पुण्या-मुंबईकडून माणसं इथे येत होती आणि इथली विद्या उलट तिकडे जात होती.

तिसरी गोष्ट दिसत नाही, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: वेळ. गोविंद सखाराम सरदेसाई फर्ग्युसन आणि एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि 1889 मध्ये महाराजांच्या नोकरीत आले. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा म्हणून टिपणं काढली, आणि त्या टिपणांतून रियासत उभी राहिली. 'मुसलमानी रियासत' 1898 ची, मराठी रियासतीचा पहिला भाग 1902 चा. छत्तीस वर्षं नोकरी सांभाळून हे काम चाललं. मोठ्या शहरांनी सरदेसायांना पदवी दिली. पुस्तक लिहायची सवड या गावाने दिली. माझी बरोबरी त्यांच्याशी नाही, पण मुंबईहून येऊन पाणीगेटच्या बाहेर घर केल्यावर लोकलचे रोजचे अडीच तास माझेही वाचले. जुनी कागदपत्रं वाचायला मी बसलो ते त्याच वेळात.

आता दुसरी बाजूही पाहायला हवी, नाहीतर हा लेख गावाची जाहिरात होईल. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. मधून बडोद्याला आले आणि 1890 मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात शिकले. चित्रकला आणि छायाचित्रण यांत त्यांचा हात इथे बसला. पण ते इथे थांबले नाहीत. छायाचित्रांचा धंदा त्यांनी गोध्र्याला काढला, प्लेगात बायको गेली, आणि 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये पडद्यावर आला तो मुंबईतच. अरविंद घोष 1893 ते 1906 इथे होते, तेही गेले. सरदेसाई 1925 मध्ये निवृत्त होऊन कामशेतला राहायला गेले. आणि लहान गावात संकट पोचत नाही असंही नाही. 1901 च्या जनगणनेत मुंबई घटून 7,76,006 वर आली, तसं बडोदाही घटून 1,03,790 वर आलं. प्लेग होता, आणि त्यावर छप्पनचा दुष्काळ. टक्केवारीने पाहिलं तर बडोद्याची घट मुंबईच्या जवळजवळ दुप्पट होती.

तरीही बरीच घरं राहिली. माझ्या मते त्यांची खरी परीक्षा पुढे झाली. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ज्या दरबारासाठी माणसं आली तो दरबारच उरला नाही. बरोबर अकरा वर्षांनी, 1 मे 1960 ला, गुजरात वेगळा झाला आणि बडोद्याची मराठी घरं दुसऱ्या भाषेच्या राज्यात आली. नोकरी हेच एकमेव कारण असतं, तर या दोन तारखांनंतर वाडे रिकामे व्हायला हवे होते. तसं झालं नाही. घरात मराठी, ओटल्यावर गुजराती, सकाळी आखाडा किंवा कमाटी बाग, संध्याकाळी शेव-उसळ, हे चालूच राहिलं. मराठी साहित्य संमेलन 1909, 1921 आणि 1934 मध्ये इथे भरलं होतं. 2018 मध्ये पुन्हा भरलं, तेव्हा मांडवात राजाश्रयाची चौथी पिढी होती आणि राजाश्रय कधीच संपलेला होता.

आज पुन्हा मुंबई-पुण्याहून माणसं येतात. घर परवडतं, हवा बरी, म्हणतात. त्यांना एक सांगावंसं वाटतं. ही सुखं आपोआप मिळालेली नाहीत, कोणीतरी आधी पाणी आणलं आणि जागा मोकळी ठेवली म्हणून मिळाली. ते सांभाळलं नाही तर काय होतं, तेही आपण पाहिलं. 2019 मध्ये आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घराघरांत शिरली. जे तळं गावाला पाणी देतं, त्याचीच पातळी पावसाळ्यात आपण रात्री उठून मोबाइलवर बघतो. नदीचं पात्र आणि मैदानं बुजवत गेलो, तर पुढच्या माणसाला इथे राहण्याचं कारण सांगता येणार नाही.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती. आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तीन गोष्टी विचारा आणि लिहून आणा: आपलं घराणं कोणत्या साली, कुठून आलं, पहिलं बिऱ्हाड कोणत्या पोळात होतं, आणि तिथे पाणी विहिरीचं होतं की नळाचं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेकांना पाठ असतात. तिसरा प्रश्न मात्र घरातल्या आजींनाच विचारा.