यादीत नाव घालण्याचा कायदा

विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन, अनंत कान्हेरे... २१ डिसेंबर १९०९ ची गोष्ट नाशिककरांना सांगायला नको. पण त्यानंतरचा नाशिक कट खटला ज्या कायद्याखाली चालला, त्याकडे फारसं कुणी बघत नाही.

तो १९०८ चा फौजदारी कायदा दुरुस्ती कायदा. पहिला भाग : ज्यूरी नाही, हायकोर्टाचे तीन न्यायाधीश. सावरकरांना शिक्षा झाली ती अशीच. दुसरा भाग मला जास्त भयंकर वाटतो. सरकारने राजपत्रात छापलं, की संघटना बेकायदा! बंगालची ढाका अनुशीलन समिती १९०९ च्या जानेवारीत अशीच बंद झाली.

गंमत म्हणजे हा 'लेगसी कोड' स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. १९५२ मध्ये व्ही. जी. रो खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यातली मद्रासची दुरुस्ती रद्द केली, कारण बंदीची कारणं न्यायालयीन चौकशीत तपासलीच जात नव्हती. १९६७ च्या यूएपीएत मग न्यायाधिकरण आलं. बंदी योग्य की नाही, हे हायकोर्टाच्या न्यायाधीशाने सहा महिन्यांत ठरवायचं.

२००४ मध्ये पोटा गेला, पण दहशतवादी संघटनांची यादी यूएपीएत आली. तिला न्यायाधिकरण नाही. नाव काढायचं तर अर्ज सरकारकडेच. तो फेटाळला, तर पुनर्विलोकन समिती. लष्कर-ए-तय्यबाबद्दल कोण तक्रार करणार म्हणा! पण उद्या एखादं अनोळखी नाव आलं, तर यादीत जाण्याआधी पुरावा बघणारा न्यायाधीश कुठेच नाही.