कृष्णाकाठचा ऊस आणि जागतिक व्यापाराचे नियम

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उसाचा दर प्रत्येक हंगामात कारखान्याच्या गेटवर जाहीर होतो. हा दर किती असावा, साखरेला बाहेरचा बाजार मिळावा की नाही आणि कारखान्याला सरकारने किती हात द्यावा, या प्रश्नांची चौकट मात्र गेली शंभराहून अधिक वर्षे ब्रुसेल्स, लंडन आणि जिनिव्हा येथील करारांतूनही आखली गेली आहे. साखर हा आंतरराष्ट्रीय व्यापार-नियमनाखाली सर्वांत आधी आलेल्या शेतमालांपैकी एक आहे.

कृष्णाकाठी ऊस जुना, पण तो गुळासाठी. एकोणिसाव्या शतकात कराडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा बांधला गेला. त्यातून निघालेल्या कालव्याने पुढच्या गावांत बागायत वाढली आणि हंगामात गुऱ्हाळे पेटू लागली. त्याच काळात युरोपात बीटपासून साखर निघू लागली होती. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी आपल्या कारखानदारांना निर्यातीवर बक्षिसी देत, त्यामुळे ही साखर हिंदुस्थानच्या बाजारात स्वस्त पडे. १८९९ मध्ये व्हाइसरॉय कर्झनच्या काळात हिंदुस्थान सरकारने अशा साखरेवर भरपाई शुल्क बसवले. मॉरिशसच्या साखरेचे हितही त्यामागे होते. १९०२ च्या ब्रुसेल्स कराराने सहभागी युरोपीय राष्ट्रांनी या बक्षिसी बंद करण्याचे मान्य केले. सरकारी अनुदानाला व्यापारातील अन्याय ठरवणारा हा सुरुवातीचा मोठा करार होय.

बीट मागे पडले तरी जावा बेटाची साखर होतीच. डच मळ्यांतून ती दरवर्षी लाखो टन येई. टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर १९३२ मध्ये साखर उद्योग संरक्षण कायदा झाला आणि आयात साखरेवर हंड्रेडवेटला सव्वासात रुपयांचे संरक्षक शुल्क लागू झाले. परिणाम झपाट्याने दिसला. देशात तीसच्या आसपास असलेले कारखाने पाच-सहा वर्षांत एकशेतीसच्या पुढे गेले. फलटण संस्थानातील साखरवाडीचा कारखाना याच दशकातला. गुळापुरता असलेला ऊस कारखान्याचा कच्चा माल झाला तो या भिंतीच्या आडोशाला.

देश स्वयंपूर्ण होताच बाहेरचा दरवाजा मात्र बंद झाला. मे १९३७ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय साखर करार झाला. निर्यातदार देशांचे कोटे ठरले आणि हिंदुस्थानवर पाच वर्षे समुद्रमार्गे साखर निर्यात न करण्याचे बंधन आले. अपवाद एकट्या ब्रह्मदेशाचा, जो त्याच वर्षी हिंदुस्थानपासून वेगळा झाला होता. ज्या देशात उत्पादन नुकतेच वाढले होते त्याचे बाजार अशा रीतीने दुसऱ्यांच्या सोयीने आखले गेले. परक्या सत्तेखालील देशाला या वाटाघाटीत स्वतःचा आवाज नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. याच काळात सहकारी कारखाने उभे राहिले. सांगलीत वसंतदादा पाटील आणि वाळवा तालुक्यात राजारामबापू पाटील यांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा केले. कराडजवळ रेठरे बुद्रुकला कृष्णा कारखाना उभा राहिला. परवाने, लेव्ही साखर (सरकारला ठरलेल्या दराने द्यावा लागणारा हिस्सा) आणि सरकारी दर या चौकटीत ऊस परकीय स्पर्धेपासून दूर राहिला. निर्यात होई ती मुख्यतः ठरलेल्या कोट्यांतून. १९७५ मध्ये युरोपीय समुदायाने भारतासाठी २५ हजार टनांचा कोटा ठरवला, तो नंतर १० हजार टनांवर आला. अमेरिकेनेही आपल्या बाजारात भारताला छोटा हिस्सा दिला. प्रादेशिक गट आपल्या जवळच्या देशांना बाजार देताना इतरांना किती अंतरावर ठेवतात, हे या आकड्यांवरून दिसते.

हे संरक्षण पुढे सैल झाले: १९९४ मध्ये साखरेची आयात शुल्कमुक्त झाली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आणि तिचा शेतीविषयक करार अस्तित्वात आला. त्यात विकसनशील देशांना एखाद्या पिकाला त्याच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत मदत करण्याची मुभा आहे. २००९ पासून उसाला रास्त व किफायतशीर दर म्हणजे एफआरपी लागू झाला. २०१८-१९ मध्ये १० टक्के साखर उताऱ्याला तो क्विंटलला २७५ रुपये होता. साखरेचा साठा वाढून थकबाकी साचल्याने केंद्राने ५० लाख टनांचा निर्यात कोटा वाटून दिला आणि उसाला क्विंटलमागे १३ रुपये ८८ पैसे मदत दिली.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने याआधी थायलंडसह युरोपच्या साखर अनुदानांविरुद्धही खटला जिंकला होता आणि युरोपला २००६ मध्ये आपली साखर व्यवस्था बदलावी लागली होती. भारताचे म्हणणे असे की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात, म्हणून ती सरकारी मदत ठरत नाही. १४ डिसेंबर २०२१ च्या अहवालात संघटनेच्या पॅनेलने हे म्हणणे फेटाळले. सरकारने दर बांधून दिला म्हणजे आधार दिला, पैसे कोणी मोजले हा प्रश्न नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर आणि निर्यात मदत नियमबाह्य ठरली. भारताने अपील केले. पण नव्या सदस्यांच्या नेमणुकांना अमेरिकेने हरकत घेतल्याने संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते. त्यामुळे निकाल अंमलात आला नाही आणि रद्दही झाला नाही.

दरम्यान २०२१-२२ मध्ये भारताने अनुदानाशिवाय सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली. त्यानंतर देशातील भाव आवाक्यात राहावेत म्हणून केंद्रानेच निर्यातीवर बंधने घातली. १९३७ मध्ये बंधन लंडनहून आले, २०२२ मध्ये ते दिल्लीने घातले. दोन्ही वेळा ऊस पिकवणाऱ्याला त्या निर्णयात थेट वाटा नव्हता.

या इतिहासातून एक गोष्ट ठळक दिसते. संरक्षण, कोटा आणि अनुदान ही साधने प्रत्येक देशाने आपल्या गरजेप्रमाणे वापरली. ती न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याचा अधिकार मात्र बलवान देशांकडे अधिक राहिला. एफआरपी हा कृष्णाकाठच्या कुटुंबांचा आधार आहे. जिनिव्हातील पुढच्या वाटाघाटीत त्याची बाजू कायद्याच्या आणि आकडेवारीच्या भक्कम पायावर मांडणे, आणि निर्यातीचे निर्णय हंगामाआधी शेतकऱ्याला कळवणे, ही सरकारची आणि कारखान्यांची जबाबदारी आहे.