खतक्षार आणि उगवण

रासायनिक खतांतील विद्राव्य क्षारांमुळे बियाण्याच्या उगवणीवर व कोवळ्या रोपांवर होणारा अनिष्ट परिणाम. शेतकरी याला ‘खताने बी जळाले’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग परिणाम नेमका सांगतो, पण कारणाबाबत दिशाभूल करतो. बहुतेक वेळा जमिनीत काही जळत नसते. ओल असूनही कोंबाला ती ओढता येत नसते. म्हणून या विषयात खत किती दिले यापेक्षा ते बियापासून किती दूर पडले आणि त्याच्याभोवती पाणी किती होते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. हेक्टरी मात्रेच्या भाषेत हा विचार बसत नाही, आणि खतांचे सल्ले बहुधा त्याच भाषेत दिले जातात.

पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे सरकते. खताचा दाणा विरघळला की त्याच्याभोवतीच्या मातीतील द्रावण दाट होते, तर्षणदाब वाढतो आणि मुळाला पाणी घेणे जड जाते. सुक्या बियाची पाणी ओढण्याची ताकद मात्र अफाट असते. ती शेकडो बारमध्ये मोजावी लागते. त्यामुळे खाऱ्या तासातही बी फुगते. फुगलेल्या बियाची ओढ झपाट्याने घटते आणि पुढे मोड बाहेर पडण्याच्या नाजूक क्षणी क्षार आडवे येतात. तास उकरल्यावर फुगलेले, मऊ पडलेले, पण मोड नसलेले बी हाती लागते ते यामुळे. मोड आलाच तर मुळाचे टोक तपकिरी पडते, ते आखूड व जाड राहते, आणि उगवलेल्या रोपाच्या पानांच्या कडा करपतात.

खतांची या दृष्टीने तुलना करण्यासाठी 1943 मध्ये अमेरिकेत रेडर, व्हाइट आणि व्हिटेकर यांनी क्षार निर्देशांक मांडला. सोडियम नायट्रेटने मातीतील द्रावणाचा तर्षणदाब जितका वाढतो तितका 100 धरून, तेवढ्याच वजनाच्या इतर खतांचे आकडे काढले. त्यांत म्युरेट ऑफ पोटॅश सुमारे 116, युरिया 75, अमोनियम सल्फेट 69, सल्फेट ऑफ पोटॅश 46, डीएपी 34 आणि सिंगल सुपर फॉस्फेट जेमतेम 8 आहे. आकडा वजनामागे असल्याने तो जसाच्या तसा वाचणे चुकीचे. नत्राच्या दर किलोमागे हिशेब केला तर 46 टक्के नत्राचा युरिया 21 टक्के नत्राच्या अमोनियम सल्फेटपेक्षा निम्म्याने सौम्य ठरतो. तरीही बियाशेजारी युरिया पडणे अधिक घातक, हा जगभरचा अनुभव आहे. निर्देशांकाची मर्यादा येथेच उघडी पडते, कारण तो फक्त दाब मोजतो, विष मोजत नाही.

ते विष म्हणजे अमोनिया. जमिनीतील युरिएज विकर युरियाचे अमोनियम कार्बोनेट करते आणि दाण्याभोवतीचा सामू 9 च्या आसपास चढू शकतो. अमोनियम आयन पेशीपटलातून सहज जात नाही. विद्युतभाररहित अमोनिया मात्र बिनबोभाट आत शिरतो. या दोघांचे प्रमाण सामूवर ठरते: 7.25 ला अमोनिया सुमारे 1 टक्का, 8.25 ला 9 टक्के, 9.25 ला निम्मा. युरियामुळे उगवणीला होणारी इजा या अमोनियामुळेच होते, असे ब्रेमनर व क्रॉगमायर यांनी 1989 मध्ये दाखवले. निर्देशांकात सौम्य दिसणारा डीएपी याच कारणाने तासात संशयास्पद ठरतो. त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू 8 च्या घरात असतो, तर मोनोअमोनियम फॉस्फेटचा आम्लधर्मी. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू मुळातच 8 च्या आगेमागे असल्यामुळे तेथे हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही.

आता तासाचा हिशेब करून पाहावा. हेक्टरी 100 किलो डीएपी, म्हणजे 50 किलोच्या दोन गोण्या, ही मात्रा कोणाला भरमसाट वाटणार नाही. ओळींतील अंतर 22.5 सेंटीमीटर असेल तर तासाच्या एका मीटरला सव्वादोन ग्रॅम खत येते. 45 ला साडेचार आणि कपाशीच्या 90 ला नऊ ग्रॅम. मात्रा तीच, पण बियाच्या वाट्याला येणारा क्षार चौपट. साडेचार ग्रॅम खत पाच सेंटीमीटर रुंद व अडीच सेंटीमीटर जाड पट्ट्यात पडले आणि मातीत वजनाच्या 20 टक्के ओल असली, तर ते पूर्ण विरघळल्यावर तर्षणदाब सात-आठ बार होतो. ओल निम्मी झाली की दुप्पट. वनस्पती कायमची कोमेजते ती साधारण 15 बारला. प्रत्यक्षात स्फुरद मातीत बांधला जातो, अमोनियम चिकणमातीला धरून राहते आणि दाब या कागदी आकड्याइतका चढत नाही. पण हलक्या, वाळूसर जमिनीत हे दोन्ही आधार तुटपुंजे असतात. चांगल्या वाफशावर निभावलेली मात्रा पेरणीनंतरच्या उघडिपीत उगवण मारते, ती याच गणिताने.

यावर पहिला आक्षेप असा की कोवळ्या मुळाला स्फुरद जवळच हवा. तो मातीत फारसा हलत नाही, मग खत दूर टाकून काय साधणार? आक्षेप रास्त आहे, पण जवळ म्हणजे बियाला चिकटून नव्हे. बियाच्या पाच सेंटीमीटर बाजूला आणि पाच सेंटीमीटर खाली दिलेले खत मुळाला काही दिवसांतच गाठता येते, आणि तोवर मोड मोकळ्या मातीत फुटलेला असतो. बी व खत वेगळ्या चाड्यांतून, वेगळ्या नळ्यांनी सोडणाऱ्या पाभरीचे काम हेच. एकाच चाड्यात दोन्ही मिसळून पेरले तर सोयाबीनसारख्या पातळ सालीच्या बियाला खत थेट लागतेच, शिवाय बियाला चोळलेले रायझोबियमही मरते. ज्यांना ही सोय नाही त्यांनी निदान युरिया तासात न टाकता स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यावा, हा पर्याय आकड्यांवर टिकतो.

दुसरा आक्षेप पिकांच्या क्षारसहिष्णुतेचा. मास व हॉफमन यांच्या 1977 च्या तक्त्यात सोयाबीनची मर्यादा 5 डेसीसायमन प्रति मीटर आहे, मक्याची 1.7, मग सोयाबीनची एवढी काळजी कशाला? पण तो तक्ता प्रामुख्याने वाढलेल्या पिकाच्या उत्पादनाचा आहे, उगवणीचा नव्हे. शुगरबीट पुढे कमालीचे क्षारसहिष्णू असते आणि उगवताना हळवे. तासातल्या खताबाबत तर क्रम उलटा लागतो: मका थोडे खत सोसतो, सोयाबीन जवळपास सोसतच नाही.

तिसरा समज सेंद्रिय खत निर्धोक असल्याचा. कुजलेल्या शेणखताबाबत तो बहुतांशी खरा आहे. ताज्या कोंबडखताबाबत नाही, कारण त्यातील यूरिक आम्लापासून अमोनियाच सुटतो.

पाऊस क्षार खाली नेतो, हे मात्र निर्विवाद. क्लोराइड आणि नायट्रेट लवकर वाहतात, अमोनियम रेंगाळते. सरी-वरंब्यावर नेमके उलट घडते. सरीतले पाणी वरंब्यात चढताना क्षार माथ्यावर आणून सोडते. म्हणून टोकण माथ्यावर न करता बगलेला करतात. निदान करताना नुकसानीचा आकार पाहावा: रोगाची मर बहुधा ठिपक्याठिपक्यांनी असते, खताची तूट तासातासाने, आणि पाभर वळवताना खत जास्त सांडलेल्या धुऱ्याजवळ अधिक. दुबार पेरणीची वेळ आलीच तर पहिल्या पेरणीचे खत जुन्या तासात शिल्लक असते. नवे बी दोन तासांच्या मधल्या मातीत टाकतात आणि त्यासोबत पुन्हा खत देत नाहीत.