चलव्याप्ती, सर्व्हरवरील जावास्क्रिप्टमधील

संगणकाच्या आज्ञावलीत मूल्य साठविण्यासाठी योजिलेल्या नावास ‘चल’ म्हणतात. हे नाव आज्ञावलीच्या जेवढ्या भागात ओळखले जाते, तेवढी त्या चलाची ‘व्याप्ती’ होय.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या लिस्प भाषेच्या आरंभीच्या रूपांत चलाचा अर्थ कोणत्या फलनाने कोणास पाचारण केले यावर, म्हणजे आज्ञावली चालू असतानाच, ठरत असे. अल्गोल ६० (१९६०) या भाषेत तो लिखित रचनेवरून निश्चित होई. लिस्पपासून निघालेल्या स्कीम (१९७५) या भाषेने ही दुसरी पद्धत स्वीकारली. तिचा प्रभाव असलेली जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत रचली. तथापि घोषणा न करता मूल्य दिलेले नाव तीत आपोआप सार्वत्रिक होई. ब्राउझरमधील पान एकाच वाचकासमोर असल्याने हा दोष बहुधा त्या पानापुरता राही.

रायन डाल यांच्या नोड (२००९) या प्रणालीमुळे ही भाषा सर्व्हरवर रूढ झाली. तेथे एकच प्रक्रिया अनेकांच्या मागण्या पुरविते. समजा, अंधेरीच्या ग्राहकाचे नाव सार्वत्रिक चलात ठेवून आज्ञावली विदागाराच्या उत्तराची वाट पाहत आहे. तेवढ्यात मुलुंडच्या ग्राहकाची मागणी आली, तर त्याच चलात दुसरे नाव येते आणि पहिल्याला दुसऱ्याचा हिशेब दिसू शकतो. एकट्याने केलेल्या चाचणीत हा दोष सहसा आढळत नाही.

नोडच्या मूळ मॉड्यूल पद्धतीत प्रत्येक फाइल एका फलनात गुंडाळली जात असल्याने तीत घोषित केलेली नावे बाहेर जात नाहीत. परंतु अघोषित नावे जात. २००९ च्या प्रमाणकातील ‘कठोर पद्धती’त अशी चूक आज्ञावली थांबविते. २०१५ च्या प्रमाणकाने खंडापुरती व्याप्ती असलेले चल आणि सदैव कठोर पद्धतीने चालणारी मॉड्यूले आणली. मात्र मॉड्यूलच्या वरच्या पातळीवरील चल सर्व मागण्यांत सामाईकच असतो; म्हणून ग्राहकाची माहिती मागणी हाताळणाऱ्या फलनातच ठेवावी लागते.

चल आयत्या वेळी निर्माण करण्यासाठी पूर्वी ‘इव्हॅल’ वापरीत. कठोर पद्धतीत त्याने घडविलेली नावे त्याच्याबाहेर पोहोचत नाहीत. नावे आगाऊ ठाऊक नसतील, तर ती एखाद्या वस्तूचे गुणधर्म किंवा ‘मॅप’मधील नोंदी म्हणून ठेवणे श्रेयस्कर ठरते.