चांदीवरील पलटणीच्या खुणा

मराठी घरात भांड्यावर नाव घालण्याची चाल जुनी आहे. तांब्याच्या हंड्यावर किंवा पितळी परातीवर छिन्नीच्या बारीक टिंबांनी घराण्याचे नाव, लग्नाची तिथी वा आहेर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते, आणि भांडे कोणत्या घरातून कोणत्या घरात आले याचा उलगडा दोन पिढ्यांनंतर त्यावरूनच होतो. लष्करी मेसमधील काटे, चमचे, सुऱ्या व चांदीची पात्रे यांचा इतिहासही असाच त्यांच्या अंगावर लिहिलेला असतो. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला. पुढे येथे छावणी वसली आणि १९२२ पासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्रही येथेच नांदले. अशा गावाला तर या खुणांची लिपी परकी राहू नये.

या खुणा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत: सरकारची, पलटणीची आणि शिपायाची. सरकारी मालमत्तेची खूण म्हणजे तीन रेघांचा बाण. खाजगी व्यक्तीने तो वापरू नये असा कायदा इंग्लंडात १६९८ मध्येच झाला होता. आरंभी बाणाच्या दोन बाजूंना ‘बी’ व ‘ओ’ ही बोर्ड ऑफ ऑर्डनन्सची आद्याक्षरे असत. १८५५ मध्ये ते खाते मोडल्यावर त्यांच्या जागी युद्धखात्याची ‘डब्ल्यू’ व ‘डी’ ही अक्षरे आली. हिंदुस्थान सरकारच्या लष्करी साहित्यावर बाणासोबत ‘आय’ हे अक्षर आढळते.

अधिकाऱ्यांच्या मेसमधील चांदीवर मात्र हा बाण सहसा नसतो, कारण ती सरकारची नव्हेच. अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून ती घ्यावी. बढती मिळताच, विवाहप्रसंगी अथवा पलटण सोडताना कोणी एखादा पेला वा तबक भेट द्यावे. अशा रीतीने हा साठा वाढे. त्यावर पलटणीचे चिन्ह आणि नाव कोरलेले असे. पलटणींची नावे वेळोवेळी बदलत गेल्यामुळे हे नावच काळाची साक्ष देते. १९०३ पूर्वीची ‘३ री बॉम्बे’ पायदळ पलटण त्या वर्षी ‘१०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ झाली आणि १९२२ च्या पुनर्रचनेत ‘५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्री’ची पहिली बटालियन बनली. तेव्हा ज्या पात्रावर १०३ हा आकडा मूळचा कोरलेला आहे, त्यावरील कोरीवकाम या एकोणीस वर्षांतले मानावे. १९५० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर चिन्हांतील राजमुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, हाही तसाच ठळक टप्पा होय.

धातूची परीक्षा वेगळी करावी लागते. इंग्लंडात घडलेल्या शुद्ध चांदीवर सिंहाचा ठसा असतो. त्याचा अर्थ हजारात ९२५ भाग चांदी. जोडीला शहराची खूण असते: बर्मिंगहॅमचा नांगर, शेफील्डचा १९७४ पर्यंतचा मुकुट, लंडनचे बिबळ्याचे मुख. १७८४ ते १८९० या काळात कर भरल्याची खूण म्हणून राजाराणीचे मस्तकही उमटवीत. वर्षदर्शक अक्षर जुळले की घडणीचे सालच हाती येते. कलकत्त्याचे हॅमिल्टन किंवा मद्रासचे पी. ऑर यांच्या मालावर मात्र ही शासकीय मोहोर शोधू नये; हिंदुस्थानात तशी सक्तीची व्यवस्था नव्हती, येथे कारखानदाराची स्वतःची खूणच प्रमाण. ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे पाहून पुष्कळांची फसगत होते. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या विद्युत्-मुलाम्याच्या पद्धतीने चढविलेला तो केवळ चांदीचा थर होय. आतल्या ‘निकेल सिल्व्हर’मध्ये तांबे, जस्त व निकेल असते, चांदी मुळीच नसते.

तिसरी खूण सर्वांत साधी, पण सर्वांत बोलकी. गोऱ्या शिपायाच्या सामानातील चमच्याच्या दांड्यावर त्याचा क्रमांक व पलटणीचे संक्षिप्त नाव ठोकलेले असे. १९२० पूर्वी प्रत्येक पलटणीची क्रमवारी निराळी असल्याने नुसत्या आकड्यावरून माणूस सापडत नाही. पलटणीचे नाव जोडीला असल्यासच नोंदवहीत त्याचा माग लागतो. १९२० नंतर बदली झाली तरी न बदलणारे क्रमांक आले, आणि पायदळात ते बहुधा सात आकडी असत.

मेसच्या चांदीवर ज्यांची नावे आहेत ते अधिकारी प्रायः इंग्रज होते. त्याच पलटणीतला मराठा शिपाई त्या मेजावर कधी बसला नाही. एकोणिसाव्या शतकात तो आपला शिधा बहुधा स्वतःच्याच पितळी भांड्यात शिजवी. त्याचे नाव त्या चांदीवर शोधून सापडणार नाही. सापडलेच तर ते घरच्या तांब्यावर सापडेल. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण मुंबईहून निघाली तेव्हा तिला गेटवे ऑफ इंडियाची चांदीची प्रतिकृती भेट मिळाली. निरोपाची ती भेट आजवर नोंदलेली आहे. शिपायाच्या तांब्याची नोंद कोणीही ठेवलेली नाही.

म्हणूनच अशी वस्तू हाती आल्यास दोन गोष्टी टाळाव्यात. राख-चिंचेने ती घासू नये, कारण चकाकीबरोबर खुणाही झिजतात. वजनावर मोडीत घालू नये, कारण वितळल्यावर उरतो तो फक्त धातू. बाजारात जुन्या चमच्यांवर नवी चिन्हे कोरणारेही आहेत: मूळचे कोरीवकाम ठशांइतकेच झिजलेले असते, नव्याच्या कडा बोटाला लागतात. खूण कागदावर उतरवून घ्यावी, वस्तू कोणाकडून आली ते लिहून ठेवावे. आणि मेसच्या पेल्याशेजारी माजघरातल्या नाव घातलेल्या तांब्यालाही नोंदवहीत एक ओळ द्यावी. पलटणीचा इतिहास त्या दोहोंनी मिळून पुरा होतो.